स्वातंत्र्य वाचकाचे, निवड ग्रंथपालाची

ग्रंथालयाला सरस्वतीचे मंदिर म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. मंदिरात शिरताना पादत्राणे बाहेर काढून ठेवावीत, तशी मनातली गडबड उंबऱ्याबाहेर ठेवून वाचकाने आत यावे, ही या संबोधनामागची भावना. अमेरिकेतही सार्वजनिक ग्रंथालयांविषयी असाच आदर पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला. करदात्यांच्या पैशातून चालणारे आणि कामगाराच्या मुलालाही विद्वानाच्या शेजारी बसवणारे ग्रंथालय हा त्या समाजाच्या अभिमानाचा विषय होता. त्याच देशातील मिनियापोलिस शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी २००० साली समान रोजगार संधी आयोगाकडे एक तक्रार दाखल केली. तक्रार पगाराची नव्हती, बढतीचीही नव्हती. ग्रंथालयातील संगणकांवर इंटरनेट निर्बंधाविना खुले केल्यापासून काही लोक तासन्‌तास अश्लील दृश्ये पाहत बसतात, त्यांच्या छापील प्रती तेथेच टाकून जातात आणि ग्रंथपाल म्हणून काम करणाऱ्या स्त्रियांना हे सारे रोज मुकाट्याने पाहावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते.

आयोगाने २००१ साली या तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य असल्याचा निष्कर्ष काढला. ग्रंथालयाने आपल्या कर्मचाऱ्यांना लैंगिकदृष्ट्या अवमानकारक वातावरणात काम करण्यास भाग पाडले, असे मानण्यास आधार आहे, असे आयोगाने म्हटले. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि २००३ साली बारा कर्मचाऱ्यांना मिळून ४ लाख ३५ हजार डॉलर देऊन ग्रंथालयाने तडजोड केली. संगणकांच्या वापराचे नियमही बदलले.

ज्या व्यवसायाने विचारस्वातंत्र्याची पताका सर्वांत उंच धरली, त्याच व्यवसायातील स्त्रियांना आपल्या प्रतिष्ठेसाठी आयोगाचे दार ठोठवावे लागले, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. स्वातंत्र्याचा अर्थ लावताना कोठेतरी चूक झाली होती. ती चूक कोणती आणि ती सुधारताना दुसरी कोणती चूक घडली, हे समजून घेणे भारतीय समाजालाही आवश्यक आहे.

उदात्त सनद आणि तिचा अतिरेक

अमेरिकन ग्रंथालय संघटनेची स्थापना १८७६ सालची. १९३९ साली या संघटनेने ‘ग्रंथालयाची हक्कसनद’ स्वीकारली. तिचा मूळ मसुदा एक वर्ष आधी आयोवा राज्यातील डे मॉइन शहराच्या ग्रंथालयात तयार झाला होता. काळ कोणता होता, हे लक्षात घेतले पाहिजे. १९३३ च्या मे महिन्यात बर्लिनच्या चौकात नाझी विद्यार्थ्यांनी पुस्तकांची होळी केली होती. अमेरिकेतही कादंबऱ्यांवर आणि राजकीय लेखनावर बंदी घालण्याचे प्रकार घडत होते. अशा वेळी लेखकाचा वंश, राष्ट्रीयत्व किंवा मत पाहून पुस्तक नाकारले जाणार नाही, वादग्रस्त प्रश्नाच्या सर्व बाजू वाचकाला उपलब्ध करून दिल्या जातील, असे सांगणारी ही सनद खरोखरच उदात्त होती. वाद होऊ द्यावा, प्रतिपक्ष ऐकावा, मगच सिद्धान्त करावा, ही परंपरा ज्या देशाने हजारो वर्षे सांभाळली, त्या देशाला या सनदेतील तत्त्व परके वाटण्याचे कारण नाही.

परंतु तत्त्व कितीही चांगले असले तरी त्याला मर्यादेचे भान राहिले नाही, की त्याचा सिद्धान्त न राहता हट्ट होतो. १९६७ साली सनदेत वयाचा उल्लेख आला. वाचकाचे वय पाहून त्याला ग्रंथालयाचा वापर नाकारता येणार नाही, असा त्याचा आशय. पुस्तकांच्या जगात याने फार बिघडले नाही. ग्रंथपाल जे विकत घेतो तेच कपाटात येते, त्यामुळे मुलाच्या हाती काय पडेल याला एक नैसर्गिक मर्यादा होती. इंटरनेट आले आणि ही मर्यादा नाहीशी झाली. जगातील सर्वोत्तम ज्ञान आणि जगातील सर्वांत ओंगळ बाजार एकाच तारेतून वाचनकक्षात आले. तरीही १९९७ साली संघटनेने ठराव केला, की ग्रंथालयांनी संगणकांवर अटकाव करणारी आज्ञाप्रणाली, म्हणजे ‘फिल्टर’, बसवणे हे सनदेचे उल्लंघन आहे. राजकीय मत दडपण्याविरुद्ध लिहिलेले वाक्य आता देहाच्या बाजाराचे संरक्षण करू लागले.

निवड म्हणजे बंदी नव्हे

अमेरिकन संसदेने या प्रश्नात वारंवार हात घातला. १९९६ चा पहिला कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली बव्हंशी रद्द केला. त्यातील शब्दरचना इतकी सैल होती की प्रौढांचे वैध संभाषणही गुन्हा ठरले असते. १९९८ चा दुसरा कायदा दहा वर्षे न्यायालयांत अडकून २००९ साली निकालात निघाला. तो अमलात कधी आलाच नाही. टिकला तो डिसेंबर २००० मधला ‘बाल इंटरनेट संरक्षण कायदा’. या कायद्याने कोणालाही तुरुंगाची भीती घातली नाही. केंद्र सरकारकडून इंटरनेटसाठी सवलत किंवा अनुदान हवे असेल, तर ग्रंथालयांनी अश्लील दृश्ये व बालकांची लैंगिक दृश्ये आणि सतरा वर्षांखालील वाचकांसाठी त्यांना अपायकारक ठरणारी दृश्ये रोखणारी गाळणी बसवावी, एवढीच अट घातली.

ग्रंथालय संघटना न्यायालयात गेली. मे २००२ मध्ये फिलाडेल्फियाच्या तीन न्यायाधीशांनी कायद्याचा ग्रंथालयांविषयीचा भाग घटनाबाह्य ठरवला. २३ जून २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो निर्णय फिरवला. सरन्यायाधीश रेंक्विस्ट यांनी मांडलेला मुद्दा साधा आणि बिनतोड होता. ग्रंथालय जगातले प्रत्येक पुस्तक कधीच घेत नाही. वाचकांना उपयुक्त आणि योग्य काय, हे ठरवणे हेच ग्रंथालयाचे काम. छापील स्वरूपातील अश्लील साहित्य बहुतेक ग्रंथालये घेत नाहीत आणि त्याबद्दल त्यांना कोणी जाब विचारत नाही. मग तेच साहित्य पडद्यावर आले म्हणून ते दाखवण्याचे बंधन ग्रंथालयावर कसे येते?

या प्रश्नाला पुरोगामी वर्तुळातून समाधानकारक उत्तर मिळाले नाही. ‘बंदी’ आणि ‘निवड’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. एखादे मत समाजात पोहोचूच नये म्हणून राज्यसंस्थेने केलेली कृती ती बंदी. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या वास्तूत काय ठेवायचे, याचा जबाबदार माणसाने घेतलेला निर्णय ती निवड. घरातली आई ताटात काय वाढायचे ते ठरवते, म्हणून तिने कोणाच्या आहारस्वातंत्र्यावर घाला घातला असे कोणी म्हणत नाही. मिनियापोलिसच्या ग्रंथपाल स्त्रियांनी कोणाचा विचार दडपण्याची मागणी केलीच नव्हती. आपल्या वाचनकक्षाचे वाचनकक्षपण परत मिळावे, एवढेच त्यांना हवे होते.

गाळणीच्या आड कोण?

येथेच थांबता आले असते, तर प्रश्न सोपा होता. परंतु ज्यांना बालकांच्या रक्षणाची मनापासून काळजी आहे, त्यांनी या प्रकरणाची दुसरी बाजू अधिक बारकाईने पाहिली पाहिजे. न्यायालयाने समर्थन केले ते ग्रंथपालाच्या विवेकाचे. प्रत्यक्षात ग्रंथालयात बसवले गेले ते यंत्र. फिलाडेल्फियाच्या न्यायालयासमोर आलेल्या पुराव्यात दिसून आले, की या गाळण्या असंख्य अश्लील पृष्ठे आत सोडतात आणि दहा हजारांच्या पटीत मोजावी लागतील इतकी निर्दोष पृष्ठे अडवतात. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे काय अडवायचे याची यादी खासगी कंपन्या बनवतात आणि ती व्यापारी गुपित म्हणून झाकून ठेवतात. ज्या ग्रंथपालाच्या नावाने निवड होते, त्याला स्वतःलाच ती यादी पाहता येत नाही. इंग्लंडमधील स्कन्थॉर्प गावाच्या नावात एक अपशब्द दडलेला आहे, एवढ्यावरून १९९६ साली एका मोठ्या इंटरनेट कंपनीच्या यंत्राने तेथील रहिवाशांची नोंदणी नाकारली होती. यंत्राची बुद्धी ही अशी.

व्हर्जिनिया राज्यातील लाउडन परगण्याने १९९७ साली प्रौढांसह सर्वांसाठी गाळणी सक्तीची केली. ज्यांची संकेतस्थळे अडवली गेली म्हणून दावा दाखल झाला, त्यांत पूर्वी बंदी घातलेल्या ग्रंथांची संहिता वाचकांना खुली करून देणारे एक संकेतस्थळही होते. १९९८ साली न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी ते धोरण रद्द केले. न्यायाधीश होण्यापूर्वी ब्रिंकेमा यांनी ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण घेतले होते, ही नोंद बोलकी आहे.

हिंदू वाचकाने विशेष लक्ष द्यावे असे प्रकरण घडले ते मिझुरी राज्यातील सेलम या छोट्या गावात. तेथील सार्वजनिक ग्रंथालयात अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या धर्मपरंपरा आणि विक्का हा निसर्गपूजक पंथ यांविषयी वाचू पाहणाऱ्या एका नागरिकाला ती पृष्ठे बंद असल्याचे आढळले. गाळणीने त्यांना ‘गूढविद्या’ आणि ‘गुन्हेगारी कौशल्ये’ अशा वर्गांत टाकले होते. ज्योतिषही ‘गूढविद्ये’च्याच वर्गात होते. या परंपरांकडे ख्रिस्ती दृष्टीने पाहणारी पृष्ठे मात्र खुली असल्याचे तक्रारीत म्हटले होते. २०१२ साली प्रकरण न्यायालयात गेले आणि मार्च २०१३ मध्ये ग्रंथालयाने हा अटकाव उठवण्याचे मान्य केले.

हे सारे अश्लीलतेपासून मुलांना वाचवण्यासाठी आणलेल्या साधनाने घडले! झाडाला, नदीला, सूर्याला नमस्कार करणारी श्रद्धा ज्याच्या कोशात ‘गूढविद्या’ ठरते, अशा माणसाच्या हाती जगातील वाचकांसाठी वर्गवारी करण्याचे काम सोपवले, तर उद्या त्याच कोशात तंत्रशास्त्र, शक्तिपूजा, खजुराहोचे शिल्प किंवा शिवलिंग कोणत्या वर्गात बसेल, हे सांगायला ज्योतिषी नको. गाळणी तटस्थ नसते. ती बनवणाऱ्याचा जीवनविषयक दृष्टिकोन तिच्या छिद्रांच्या आकारात उतरलेला असतो.

२००३ च्या निकालातच या धोक्याची जाणीव होती. प्रौढ वाचकाने कारण न सांगता विनंती करताच ग्रंथपालाने गाळणी दूर करावी, असे आश्वासन सरकारी वकिलांनी न्यायालयात दिले होते. न्या. केनेडी आणि न्या. ब्रेयर यांचा कौल या आश्वासनावर बराचसा अवलंबून होता. विरोधी मत नोंदवणाऱ्या न्या. सूटर यांचा आक्षेपही विसरण्याजोगा नाही. इंटरनेट घेऊन त्यातील भाग रोखणे म्हणजे पुस्तक न निवडणे नव्हे, तर ज्ञानकोश विकत घेऊन त्याची पाने कापणे होय, असा त्याचा आशय होता.

पाने कापण्याची सवय लागली की हात थांबत नाही, याचा प्रत्यय टेक्सास राज्यातील लॅनो परगण्यात आला. तेथे २०२१ साली सार्वजनिक ग्रंथालयांतून सतरा पुस्तके काढण्यात आली. मुलांसाठी अयोग्य साहित्य, अशी ओरड होती. प्रत्यक्ष यादीत कू क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेचा किशोरांसाठी लिहिलेला इतिहास होता आणि इझाबेल विल्करसन यांचा ‘कास्ट’ हा ग्रंथही होता. त्या ग्रंथातील भारताविषयीच्या प्रतिपादनाशी अनेकांचे तीव्र मतभेद आहेत. पण मतभेद असलेल्या ग्रंथाला उत्तर द्यायचे असते ग्रंथानेच. तो कपाटातून काढून नेण्याशी अश्लीलतेचा काय संबंध? मे २०२५ मध्ये तेथील अपील न्यायालयाने दहा विरुद्ध सात मतांनी ठरवले, की पुस्तक काढले म्हणून वाचकाला घटनेच्या आधारे दाद मागता येणार नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. निवडीचा युक्तिवाद असा बंदीच्या दारापर्यंत येऊन पोहोचला.

‘श्यामा’ ते ८५७ संकेतस्थळे

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. उच्च न्यायालयाने दोषी ठरवले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष मुक्त केले. येथे महत्त्वाची आहे ती न्यायालयाची पद्धत. सुटी वाक्ये उचलून निर्णय झाला नाही. संपूर्ण कथा, तिचा हेतू, साहित्यातील जाणकारांची साक्ष आणि बदलता समाज, हे सारे विचारात घेतले गेले. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर खटले झाले तेव्हा १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले होते. शरीरविज्ञान आणि अश्लीलता यांतील भेद माणसाला युक्तिवादाने पटवता येतो. शब्द मोजणाऱ्या यंत्रापुढे कोणता वकील उभा करायचा?

इंटरनेटच्या आरंभकाळातच, २००१ साली, मुंबई उच्च न्यायालयाने बालकांना अश्लील संकेतस्थळांपासून वाचवण्याचे उपाय सुचवण्यासाठी समिती नेमली होती. सायबर कॅफेत अल्पवयीनांना आडोशाच्या कप्प्यात न बसवता सर्वांना दिसेल अशा जागी बसवावे, ही तिची सूचना आजही व्यवहार्य आहे. याउलट ३१ जुलै २०१५ रोजी केंद्राच्या दूरसंचार विभागाने एका फटक्यात ८५७ संकेतस्थळे रोखण्याचा आदेश दिला. यादी घाईची होती. तीत विनोदाला वाहिलेली संकेतस्थळेही सापडली आणि चारच दिवसांत, ४ ऑगस्टला, आदेश सैल करावा लागला. हेतू शुद्ध असूनही साधन ओबडधोबड असले, की हेतूचीच चेष्टा होते.

बालकांच्या लैंगिक शोषणाच्या दृश्यांबाबत मात्र कोणतीही तडजोड संभवत नाही. २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अशी सामग्री बाळगणे आणि पाहणे किती गंभीर आहे ते स्पष्ट केले. तिला ‘पोर्नोग्राफी’ न म्हणता शोषणाची सामग्री म्हणावे, असेही सुचवले. तेथे विचारस्वातंत्र्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ते गुन्ह्याचे चित्रण आहे.

विवेकाची जागा

आज मुलापर्यंत अश्लीलता पोहोचवणारे मुख्य साधन ग्रंथालयातील संगणक राहिलेले नाही. ते घराघरांतील मोबाइलमध्ये आहे. म्हणूनच कायद्याचा रोख आता विक्रेत्याच्या दाराकडे वळला आहे. अश्लील संकेतस्थळांनी ग्राहकाच्या वयाची खातरजमा करावी, हा टेक्सासचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २०२५ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरवला. ब्रिटनमध्येही जुलै २०२५ पासून अशी तपासणी सक्तीची झाली. दारूच्या दुकानात मुलाला मज्जाव असावा, पण त्यासाठी गावची पाणपोई बंद करू नये, असा हा मार्ग आहे आणि तो अधिक न्याय्य आहे.

मग ग्रंथालयाचा प्रश्न संपला का? मुळीच नाही. ज्याच्या घरी संगणक नाही, मोबाइलवरील इंटरनेटचा खर्च ज्याला परवडत नाही, त्या विद्यार्थ्याला आजही गावच्या वाचनालयाचाच आधार आहे. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने उभे राहिलेले वाचनालयांचे जाळे खेड्यापाड्यांपर्यंत पसरले आहे. तेथे संगणक येतात तेव्हा त्यांच्यासोबत नियमही आले पाहिजेत. मुलांचा संगणक वेगळा असावा, तो ग्रंथपालाच्या नजरेसमोर असावा आणि त्यावर गाळणी अवश्य असावी. मात्र कोणते वर्ग अडवले आहेत, हे वाचनालयाच्या फलकावर लिहिलेले असावे. चुकीने अडलेले पान मोकळे करण्याचा अधिकार ग्रंथपालाला असावा आणि प्रौढ अभ्यासकाला त्यासाठी हात जोडावे लागू नयेत. एखादे पुस्तक काढायचे असेल, तर काढणाऱ्याने ते आधी पूर्ण वाचावे आणि आपले कारण सहीनिशी नोंदवावे. तेथे काम करणाऱ्या भगिनींना मान खाली घालावी लागेल असा वापर कोणाही वाचकाला करू देऊ नये.

या नियमांना फारसा पैसा लागत नाही. लागतो तो जबाबदारी घेणारा माणूस. मिनियापोलिसमध्ये स्वातंत्र्याच्या नावाखाली ग्रंथपालाने आपली जबाबदारी सोडली. सेलममध्ये संरक्षणाच्या नावाखाली ती यंत्राकडे सोपवली. दोन्ही ठिकाणी ग्रंथपालाची खुर्ची रिकामीच राहिली. सरस्वतीच्या हंसाला नीरक्षीरविवेकाचे प्रतीक मानणाऱ्या समाजाला ही रिकामी खुर्ची परवडणारी नाही. दूध आणि पाणी वेगळे करण्याचे काम डोळसपणे, नाव लावून आणि समाजाला उत्तर देण्याची तयारी ठेवून माणसानेच करायचे असते.